छायाचित्राखालची ओळ

(नभोवाणी भाषणाचा संपादित भाग)

छायाचित्रांबद्दल रेडिओवर बोलायचं, यात एक उघड अडचण आहे. मी तुम्हाला चित्र दाखवू शकत नाही, फक्त त्याच्याबद्दल सांगू शकतो. पण आजच्या विषयाला ही अडचण सोयीचीच आहे. युद्धाच्या काळात वर्तमानपत्रात छापून आलेलं छायाचित्र लाखो लोक पाहतात. मात्र त्यात नेमकं काय पाहायचं, हे त्यांना चित्र सांगत नाही. चित्राखाली छापलेली ओळ सांगते. आणि युद्धातल्या खोट्या छायाचित्रांचा इतिहास चाळला, तर कात्री आणि डिंकापेक्षा या एका ओळीनंच अधिक अनर्थ केलेला दिसतो.

छायाचित्रणाचा शोध १८३९ मध्ये जगापुढे आला. त्याआधीही लढायांची चित्रं निघत होतीच. पण चित्रकाराच्या कुंचल्यातून उतरलेली लढाई ही त्याच्या मनातली लढाई असते, हे पाहणाऱ्याला ठाऊक असे. छायाचित्राचं तसं नव्हतं. जे समोर होतं तेच काचेवर उमटलं, मग त्यात खोटं कुठून येणार, असा साधा हिशेब लोकांनी केला. हा विश्वास हेच छायाचित्राचं बळ. ते बळ आपल्या कामी लावता येईल, हे ध्यानात यायला लढणाऱ्यांना फार वेळ लागला नाही.

याचं एक सुरुवातीचं उदाहरण आपल्याच देशातलं आहे. लखनौच्या सिकंदर बागेत १६ नोव्हेंबर १८५७ रोजी सेनापती कॉलिन कॅम्पबेल यांच्या फौजेनं आत कोंडल्या गेलेल्या शिपायांची कत्तल केली. ब्रिटिशांच्याच अंदाजानुसार मृतांचा आकडा दोन हजारांच्या घरात होता. फेलिचे बिआतो हा छायाचित्रकार लखनौला पोचला तो १८५८च्या मार्चच्या सुमारास, म्हणजे चार महिन्यांनी. त्याच्या छायाचित्रात पडक्या इमारतीपुढच्या अंगणात कवट्या आणि हाडं विखुरलेली दिसतात आणि मागे काही माणसं उभी आहेत. पाहणाऱ्याला वाटतं, लढाई नुकतीच संपली. प्रत्यक्षात प्रेतं झाकून टाकलेली होती आणि छायाचित्रकाराच्या आग्रहावरून ती पुन्हा उघडी करण्यात आली, असं सर जॉर्ज कॅम्पबेल या सनदी अधिकाऱ्यानं आपल्या आठवणींत नोंदवलं आहे. कत्तल खरी, हाडंही खरी. मांडणी मात्र कॅमेऱ्यासाठी केलेली. उठाव करणाऱ्यांची काय गत होते, ते या मांडणीनं न बोलता सांगितलं.

पॅरिसमध्ये १८७१ साली याच्या पुढची पायरी गाठली गेली. तिथं स्थापन झालेली ‘पॅरिस कम्यून’ ही लोकसत्ता सरकारी फौजेनं मे महिन्यात रक्तात बुडवली. त्या धुमश्चक्रीत कम्यूनवाल्यांनीही आर्चबिशप दार्बुआ यांच्यासह काही ओलिसांना गोळ्या घातल्या. तो क्षण टिपायला तिथं कॅमेरा नव्हता. मग युजेन आपेर या छायाचित्रकारानं नटांना गोळीबार करणाऱ्या पथकासारखं उभं केलं, खऱ्या व्यक्तींचे चेहरे कापून नटांच्या धडांवर चिकटवले आणि ‘कम्यूनचे गुन्हे’ या नावानं ती मालिका विकायला काढली. सरकारी फौजेनं मारलेल्या हजारो माणसांवर मात्र त्यानं अशी मालिका काढली नाही.

म्हणजे एकोणिसाव्या शतकातच दोन रीती रूढ झाल्या होत्या. एक, दृश्याची हवी तशी मांडणी करायची. दुसरी, छायाचित्रांची कापाकापी करून नवं चित्र जुळवायचं. तिसरी रीत या दोन्हींपेक्षा स्वस्त आणि सोपी. छायाचित्राला हातही लावायचा नाही, फक्त खालची ओळ बदलायची. तिचा सुकाळ झाला तो पहिल्या महायुद्धात.

आर्थर पॉन्सन्बी हे ब्रिटिश पार्लमेंटचे सदस्य होते आणि युद्धाचे कडवे विरोधक. युद्धकाळातल्या असत्यांवर त्यांनी १९२८ मध्ये एक पुस्तक लिहिलं. त्यात खोट्या छायाचित्रांवर स्वतंत्र प्रकरण आहे. त्यातली तीन उदाहरणं सांगतो.

पहिलं आहे तीन जर्मन घोडेस्वार अधिकाऱ्यांचं. युद्ध सुरू होण्याआधी, जून १९१४ मध्ये, बर्लिनजवळच्या घोड्यांच्या शर्यतीत त्यांनी चषक जिंकले. ते चषक हातात घेऊन ते उभे आहेत, असं छायाचित्र बर्लिनच्या एका वर्तमानपत्रात आलं. पुढं ऑगस्ट १९१५ मध्ये जर्मनांनी वॉर्सा घेतलं, तेव्हा हेच छायाचित्र लंडनच्या ‘डेली मिरर’मध्ये छापलं गेलं. आता खालची ओळ सांगत होती, सोन्याचांदीची लूट घेऊन निघालेले तीन जर्मन घोडेस्वार!

दुसरं छायाचित्र बर्लिनच्या राजवाड्यापुढं जमलेल्या गर्दीचं. तेही युद्धाआधीचं, जुलै १९१४ मधलं. ‘लुसिटानिया’ हे प्रवासी जहाज जर्मन पाणबुडीनं मे १९१५ मध्ये बुडवलं आणि जवळपास १,२०० माणसं मेली. त्यानंतर एका फ्रेंच साप्ताहिकानं हीच गर्दी पुन्हा छापली. ओळ अशा अर्थाची होती, की जहाज बुडवल्याचा आनंद साजरा करणारे हे रानटी लोक पाहा. गर्दीतल्या माणसांनी तोवर त्या घटनेची कल्पनाही केलेली नव्हती.

तिसरं उदाहरण ऐकताना हसू येत नाही. रशियात १९०५ साली ज्यूंची भीषण हत्याकांडं झाली. त्यातल्या मृतदेहांची छायाचित्रं त्या काळी प्रसिद्ध झाली होती. नोव्हेंबर १९१५ मध्ये त्यातलंच एक छायाचित्र एका फ्रेंच नियतकालिकात आलं, पोलंडमधले जर्मनांचे अत्याचार म्हणून. इथं एक गोष्ट नीट लक्षात घ्यायला हवी. या ओळीनं जर्मनांवर खोटा आरोप केलाच, पण त्याच दमात खऱ्या मारेकऱ्यांना निर्दोष सोडलं. रशिया तेव्हा फ्रान्सचा मित्र होता. त्याच्या राज्यात मेलेल्या ज्यूंचं मरणसुद्धा त्यांच्याकडून काढून घेतलं गेलं आणि शत्रूच्या खात्यावर मांडलं गेलं.

दुसरी बाजू काही हात जोडून बसली नव्हती. ऑगस्ट १९१६ मध्ये ब्रिटिशांनी ‘सोमची लढाई’ हा बोलपट येण्याआधीच्या काळातला चित्रपट दाखवायला सुरुवात केली. पहिल्या दीड महिन्यात त्याची सुमारे दोन कोटी तिकिटं खपली, असं सांगतात. त्यातला बराचसा भाग अस्सल होता. पण ज्या दृश्यानं प्रेक्षकांच्या काळजाचा ठोका चुकला, खंदकातून वर चढणारे सैनिक आणि त्यातला एक घसरून मरून पडतो, ते दृश्य आघाडीच्या मागं, प्रशिक्षणाच्या जागी घेतलेलं असल्याचं अभ्यासक मानतात. सैनिकांच्या पाठीवर सामान नाही, काटेरी तारांचं जाळं नाही. आणि ‘मेलेला’ एक जण पडल्यावर पाय जुळवून घेतो! जर्मनांनी याला उत्तर म्हणून जानेवारी १९१७ मध्ये सोमवरच्या आपल्या वीरांचा चित्रपट काढला. त्यातली लढाईची दृश्यंही मोठ्या प्रमाणावर आघाडीपासून दूर, सरावाच्या मैदानांवर घेतलेली होती. या चित्रपटांतले तुकडे छायाचित्रं म्हणून पुस्तकांत कित्येक वर्षं छापले गेले.

आपले सैनिकही यातून सुटले नाहीत. १९१५च्या उन्हाळ्यात एच. डी. गर्डवुड हा छायाचित्रकार फ्रान्समध्ये हिंदी फौजेबरोबर होता. त्याच्या संग्रहात सैनिकांच्या रोजच्या जीवनाची मोलाची छायाचित्रं आहेत. पण शत्रूच्या खंदकावर चाल करून जाणाऱ्या गुरख्यांची त्यातली दृश्यं आघाडीच्या मागं मुद्दाम घडवून आणलेली होती. खरी चढाई करणाऱ्या, खरोखर मेलेल्या माणसांचं चित्र निघालंच नाही. त्यांच्या वाट्याला आलं ते त्यांचं सोंग.

आता या साऱ्या प्रकारातली सर्वांत कुप्रसिद्ध गोष्ट. एप्रिल १९१७ मध्ये लंडनच्या वर्तमानपत्रांनी बातमी दिली, की जर्मन लोक आपल्याच मृत सैनिकांची प्रेतं कारखान्यात उकळून चरबी काढतात. जर्मन वर्तमानपत्रातल्या ज्या मजकुराचा आधार घेतला होता त्यात ‘काडावर’ हा शब्द होता. जर्मन भाषेत तो मेलेल्या जनावराला लावतात. पण बातमी जगभर पसरली. युद्ध संपल्यावर, १९२५ मध्ये, ब्रिटिश लष्करी गुप्तवार्ता विभागाचे माजी प्रमुख जनरल चार्टरिस यांचं न्यूयॉर्कमध्ये भाषण झालं. वर्तमानपत्रांनी त्याचा वृत्तान्त असा दिला, की चार्टरिस यांच्या हाती दोन छायाचित्रं आली होती. एकात मेलेले घोडे चरबीच्या कारखान्याकडे चालले होते, दुसऱ्यात मेलेले जर्मन सैनिक दफनासाठी. त्यांनी दोन्हींच्या खालच्या ओळींची अदलाबदल केली आणि चित्र पुढं पाठवून दिलं. मायदेशी परतल्यावर चार्टरिस यांनी आपण असं बोललोच नाही म्हणून सांगितलं. पण त्याच वर्षी डिसेंबरमध्ये ब्रिटिश परराष्ट्रमंत्र्यांनी पार्लमेंटमध्ये जर्मनीचा इन्कार मान्य केला. प्रेतांचा कारखाना खोटा होता, हे आता सरकारी दप्तरात नोंदलं गेलं.

इथं कुणी म्हणेल, खोटं उघडं पडलं, सत्याचा विजय झाला, गोष्ट संपली. पण गोष्ट संपली नाही. तिचे खरे परिणाम इथून सुरू होतात.

जर्मन फौजांनी १९१४ मध्ये बेल्जियम आणि फ्रान्समध्ये सहा हजारांहून अधिक निःशस्त्र नागरिकांना ठार मारलं होतं. लूव्हाँ शहरातलं विद्यापीठाचं ग्रंथालय जाळलं होतं. या घटना खऱ्या होत्या. जर्मनीनं त्या नाकारल्या. पुढं फर्डिनांड अवेनारियुस या जर्मन लेखकानं शत्रुपक्षाची प्रचारचित्रं गोळा करून १९१८ मध्ये पुस्तकच काढलं. युद्धानंतर खोट्या छायाचित्रांचे असे पुरावे समोर येत गेले, तसं सामान्य ब्रिटिश आणि अमेरिकन वाचकानं मनाशी ठरवलं, की अत्याचारांच्या त्या सगळ्याच कहाण्या बनावट होत्या. बेल्जियम आणि फ्रान्समधल्या त्या सहा हजार खऱ्या मृतांचा बळी दुसऱ्यांदा गेला. पहिल्यांदा शत्रूनं घेतला, दुसऱ्यांदा मित्रांच्या खोटेपणानं.

मग दुसरं महायुद्ध आलं. ऑगस्ट १९४३ मध्ये पोलंडमधून लंडनला खबर येत होती, की माणसांना वायूच्या कोठड्यांत मारलं जात आहे. ब्रिटनच्या संयुक्त गुप्तवार्ता समितीचे अध्यक्ष व्हिक्टर कॅव्हेंडिश-बेंटिंक यांनी यावर जो शेरा लिहिला, त्यात त्यांना आठवण झाली ती मागच्या युद्धातल्या प्रेतांच्या कारखान्याची. तीही अशीच कहाणी होती आणि ती निखालस खोटी निघाली, असा त्यांचा मुद्दा. ब्रिटन आणि अमेरिकेनं त्या महिन्याच्या अखेरीस जर्मन गुन्ह्यांविषयी जे जाहीर निवेदन केलं, त्यातून वायूच्या कोठड्यांचा उल्लेख पुरेशा पुराव्याअभावी गाळण्यात आला. आज आपल्याला ठाऊक आहे, की ती खबर अक्षरशः खरी होती. सव्वीस वर्षांपूर्वीचं खोटं असं खऱ्याच्या आड येऊन उभं राहिलं.

याच वर्षी एक उलटा प्रकारही घडला. १३ एप्रिल १९४३ रोजी बर्लिनच्या नभोवाणीनं जाहीर केलं, की रशियातल्या कातिनच्या जंगलात पोलिश अधिकाऱ्यांची सामूहिक थडगी सापडली आहेत आणि हे कृत्य सोव्हिएतांचं आहे. गोबेल्सच्या खात्यानं उकरलेल्या प्रेतांची छायाचित्रं जगभर फिरवली. सोव्हिएत सरकारनं उलट जर्मनांवरच आरोप केला. खोटं बोलण्यात ज्याची हयात गेली, त्या गोबेल्सच्या हातातली ही छायाचित्रं मात्र खरी होती. १९४०च्या वसंतात स्टालिनच्या राजवटीनं सुमारे २२ हजार पोलिश कैद्यांना निरनिराळ्या ठिकाणी गोळ्या घातल्या होत्या. मॉस्कोनं हे मान्य केलं तेव्हा १९९०चा एप्रिल उजाडला होता. खरं चित्र खोट्या माणसाच्या हाती पडलं, की त्याची किंमत अशी शून्य होते.

जुलै १९४४ मध्ये सोव्हिएत फौजेनं पोलंडमधली मायदानेक ही मृत्युछावणी ताब्यात घेतली. अलेक्झांडर वर्थ या पत्रकारानं ती स्वतः पाहिली आणि सविस्तर वृत्तान्त बीबीसीकडे धाडला. बीबीसीनं तो वापरला नाही. हा रशियनांचा प्रचार असावा, असं तिथल्या मंडळींना वाटलं, हे वर्थ यांनी पुढं लिहून ठेवलं आहे. पश्चिमेकडच्या छावण्या स्वतःच्या फौजांना सापडल्या, तेव्हा कुठं लोकांची खात्री पटली.

१२ एप्रिल १९४५ रोजी जनरल आयसेनहॉवर ओर्ड्रुफच्या छावणीत गेले. त्यांच्याबरोबर छायाचित्रकार होते, चित्रफीत घेणारे होते. तरीही त्यांनी वॉशिंग्टनला तार केली, की अमेरिकेच्या संसदेचे सदस्य आणि वर्तमानपत्रांचे संपादक इथं पाठवा, त्यांना स्वतःच्या डोळ्यांनी पाहू द्या. उद्या कुणी हा सगळा प्रचार होता असं म्हणू लागलं, तर साक्ष द्यायला माणसं हवीत, हा त्यांचा विचार होता. म्हणजे एवढ्या मोठ्या सेनेच्या सरसेनापतीलासुद्धा १९४५ साली निव्वळ छायाचित्राचा भरवसा वाटत नव्हता. तो भरवसा कुणी घालवला, हे आपण पाहिलंच.

गंमत अशी, की त्यानंतर तीनच आठवड्यांनी बर्लिनमध्ये एक जगप्रसिद्ध छायाचित्र ‘घडवलं’ गेलं. जर्मन संसदेच्या इमारतीवर, राइशस्टागवर, लाल झेंडा उभारणाऱ्या सैनिकांचं. येवगेनी खाल्देई यांनी ते २ मे १९४५ रोजी घेतलं. इमारतीवर पहिला झेंडा लागला होता दोन दिवस आधी, रात्रीच्या अंधारात. खाल्देई यांनी लाल टेबलक्लॉथचे झेंडे शिवून घेऊन मॉस्कोहून बरोबर आणले होते. झेंडेवाल्याला खालून आधार देणाऱ्या सैनिकाच्या दोन्ही मनगटांवर घड्याळं दिसत होती. त्यातून लुटीचा वास आला असता. म्हणून एक घड्याळ खरवडून काढलं आणि आकाशात धुराचे लोट वाढवले. खाल्देई यांच्या वडिलांना आणि बहिणींना नाझींनी मारलं होतं. त्यांच्या विजयभावनेत खोट काढण्याचं कारण नाही. बर्लिन खरोखर पडलं होतं. तरीसुद्धा सत्य थोडं सजवल्याशिवाय राहवलं नाही.

आता आपल्या घराजवळ येऊ. फेब्रुवारी २०१९ मध्ये बालाकोटचा हवाई हल्ला झाला. त्यानंतर भारतात समाजमाध्यमांवर काही प्रेतांची छायाचित्रं फिरली, ठार झालेले दहशतवादी म्हणून. ती होती ऑक्टोबर २००५च्या भूकंपात दगावलेल्यांची. त्या भूकंपात ७० हजारांहून अधिक माणसं मेली होती. त्याच दिवसांत पाकिस्तानात एका कोसळलेल्या विमानाचं छायाचित्र फिरत होतं, पाडलेलं भारतीय विमान म्हणून. ते होतं २०१५ मध्ये ओडिशात अपघातात पडलेल्या हॉक जातीच्या प्रशिक्षण विमानाचं. दोन्हीकडे कात्री लागली नव्हती, डिंक लागला नव्हता. १९१५ मध्ये केलं तेच शंभर वर्षांनी केलं, फक्त ओळ बदलली. आणि भूकंपात गाडल्या गेलेल्या माणसांना मेल्यावर दहशतवादी ठरवलं गेलं. १९०५च्या त्या ज्यूंसारखं त्यांचंही मरण कुणीतरी पळवलं.

हल्ली तर मूळ छायाचित्राचीही गरज उरलेली नाही. मार्च २०२२ मध्ये युक्रेनचे अध्यक्ष झेलेन्स्की आपल्या सैनिकांना शस्त्रं खाली ठेवायला सांगत आहेत, अशी संगणकानं बनवलेली चित्रफीत पसरवण्यात आली. मे २०२५ मधल्या भारत-पाकिस्तान संघर्षात व्हिडिओ गेममधली दृश्यं खऱ्या हल्ल्यांची म्हणून दोन्ही देशांत पाहिली गेली. यावर पुष्कळ बोललं जातं. पण मला भीती वाटते ती दुसऱ्याच गोष्टीची. खोटं चित्र इतकं सोपं झालं, की खरं चित्र समोर आल्यावरही अपराधी माणूस बिनदिक्कत म्हणू शकतो, हे तर संगणकानं केलेलं आहे. आणि ते लोकांना पटू शकतं. कॅव्हेंडिश-बेंटिंक यांना खोटेपणाची आठवण होती म्हणून त्यांनी खऱ्याकडे पाठ फिरवली. उद्या ही पाठ फिरवण्याची सवय आपल्या सर्वांनाच लागू शकते.

म्हणून ‘कशावरच विश्वास ठेवू नका’ हा सल्ला मी देणार नाही. तो शहाणपणाचा वाटतो, पण अत्याचार करणाऱ्याला नेमका तोच हवा असतो. त्यापेक्षा तीन साधे प्रश्न विचारावेत. हे छायाचित्र कधीचं? कुठलं? आणि त्याखालची ओळ कुणी लिहिली? जुनी छायाचित्रं शोधून देण्याची सोय आता संगणकावर आणि मोबाइलवर आहे. २०१९ मधली ती छायाचित्रं कुठून आली हे पत्रकारांनी अशाच शोधातून थोड्याच दिवसांत उघड केलं. आणि हे प्रश्न शत्रूच्या छायाचित्राला विचारणं सोपं असतं. आपल्या बाजूचं, आपल्याला सुखावणारं छायाचित्र समोर येतं, तेव्हा ते विचारावेसेच वाटत नाहीत. नेमके तेव्हाच ते विचारायला हवेत. कारण आपण आज पुढं पाठवलेलं एक खोटं चित्र उद्या आपल्याच एखाद्या खऱ्या दुःखाच्या पुराव्यावर लोकांना हसायला लावू शकतं.